बूटवाल्याची आई

गोरिला बघायला माणसं विमानात बसून येतात, हे मोबूलाला पहिल्यांदा कोणी सांगितलं तेव्हा तिने सांगणाऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला होता. ताडीचा वास आला नाही. मग तिने त्याच्या कपाळाला हात लावला. तापही नव्हता.

"मग जन्मापासूनच असा आहेस का रे?" तिने काळजीने विचारलं.

आता तिला सवय झाली होती. सवय झाली म्हणून तिरस्कार कमी झाला असं मात्र नाही. उलट रोजच्या रोज ताजा माल मिळत गेल्यामुळे तो चांगला मुरला होता. पाहुण्यांच्या झोपड्यांसमोर एक मोठं झाड आडवं पडलेलं आहे. सकाळी त्या खोडावर बसून रानआंब्याच्या कोया फोडायच्या, गर काढायचा आणि पाहुण्यांची वरात जंगलात जाताना बघायची, हा तिचा नेम. शेजारी न्गेले. ही तिची लहानपणापासूनची सोबतीण, तीही विधवा. तोंडात दात नाही आणि हसताना आवाज नाही. नुसते खांदे हलतात.

पाहुणे बाहेर पडायचे ते पायमोजे विजारीवर ओढून, तोंडाला फडकं बांधून. आपली सर्दी गोरिलाला लागली तर तो मरेल, म्हणून हे फडकं.

"त्याला लागेल म्हणे," मोबूला कोय फोडत म्हणायची. "आणि काल तो लांबडा माझ्या तोंडावर शिंकला, ते? गोरिला मेला तर यांचं नुकसान. मी मेले तर खोड मोकळं होईल बसायला."

"चाल बघ त्याची," न्गेले म्हणायची.

एवढं म्हणायची खोटी, मोबूला उठायचीच. देवाने तिला रूप दिलं नव्हतं, उंची तर अजिबातच दिली नव्हती, पण एक गोष्ट मापाबाहेर दिली होती. माणसाची पाठ एकदा बघितली की त्याची चाल तिच्या पायात उतरायची. दोन पावलं टाकायची, आणि समोर मोबूला नसायचीच. तिथे दलदलीत उभा असलेला बगळा असायचा, किंवा पाठीवरच्या ओझ्याने मागे ओढली जाणारी जाडी बाई असायची, किंवा सगळ्यांच्या आधी पोट पोचतं आणि स्वतः मागाहून येतो तो ओदिलों असायचा. हा ओदिलों म्हणजे मुक्कामाचा व्यवस्थापक. सडकेवरच्या गावातला माणूस. अशा गावकऱ्यांना जंगलातले लोक बिलो म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात तो सूर ऐकला की वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. ओदिलोंची नक्कल करायला मोबूलाला पोटावर एक पातेलं पुरायचं. कधी कधी ती पातेल्याशिवायही करायची, आणि पातेलं दिसायचं.

जंगलातल्या लोकांत ही नक्कल म्हणजे नुसती करमणूक नाही. तिला मोआजो म्हणतात आणि ती म्हाताऱ्या विधवांच्या हातात असते. कोणी मध चोरून खाल्ला, कोणी बायकोला मारलं, कोणी फार मिजास केली, तर त्याला कोणी शिव्या देत नाही की न्यायाला बसवत नाही. दोन-तीन म्हाताऱ्या उठतात आणि सगळ्यांसमोर त्याला करून दाखवतात. बघणारे हसून हसून लोळतात. ज्याची नक्कल होते तोही शेवटी हसला, की झालं. विषय संपला, धुऊन गेला, पुन्हा कोणी काढायचा नाही. तो नाही हसला तर मात्र काही खरं नाही. न हसलेला माणूस वस्तीत फार दिवस राहत नाही.

मोबूलाच्या नकलेला न हसलेला माणूस एकच. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ डोपो. त्याने मधाचं पोळं पानाखाली लपवलं होतं. मोबूलाने पानाआड बसून बोटं चाटणारा डोपो असा केला की लहान मुलंसुद्धा आपापली बोटं बघू लागली. सगळे हसले. डोपोने भाला उचलला आणि सडकेवर निघून गेला. अजून तो बिलोंच्या शेतात कसाव्याचे कंद खणतो. एकदा वाटेत भेटला तर त्याने तोंड फिरवलं. मोबूलाने त्या दिवशी त्याच्या पाठीकडे बघितलं, पण त्याची चाल काही तिने घरी आणली नाही.

नवरा, बोकिया, जाऊन बरेच पावसाळे झाले. तो असतानाही मोबूलाने त्याचं कधी कौतुक केलं नव्हतं. "मेल्याला घोरण्याशिवाय काही ठळक म्हणून करता आलं नाही," असं ती अजून सांगते. बोकिया शिकारीहून यायचा, शेकोटीपाशी बसायचा, पायातला काटा शोधायचा. काटा नसला तरी शोधायचा. मग बऱ्याच वेळाने म्हणायचा, "जाळ्याच्या त्या टोकाला काहीतरी हलत होतं वाटतं. कोणाला वेळ असेल तर बघा." लोक जाऊन बघायचे तर चांगलं थोराड रानडुक्कर. ते ओढून आणताना लोक त्याला नावं ठेवायचे, हाडं आहेत नुसती म्हणायचे, आणि बोकिया मान डोलवायचा. 'मी मारलं' हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. ज्याच्या तोंडात 'मी' आला, त्याचं जाळं रिकामं राहतं, हे इथे अंगाई ऐकायच्या वयात कळतं.

आणि अशा बापाच्या पोटी झिंबो!

झिंबो मोबूलाचा एकुलता. लहानपणी चांगला होता. झुडपं बडवून जनावरं जाळ्याकडे पळवायची तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडायचा आणि सगळ्यात आधी हसायचा. मग हा पाहुण्यांचा मुक्काम उभा राहिला आणि त्याला गोरिलांमागे जाण्याची नोकरी लागली. काम काय, तर गोरिलाच्या कळपामागे रोज जायचं, लांब बसायचं, जिभेने टक-टक आवाज करून 'आम्हीच आलोय रे बाबा' असं कळवायचं. वर्षं न वर्षं. शेवटी गोरिला कंटाळतो आणि तुमच्याकडे बघायचंसुद्धा सोडून देतो. मग पाहुण्यांना बोलवायचं.

"जनावराला कंटाळा आणायची नोकरी," मोबूला म्हणायची. "ती तर मला घरबसल्या जमली असती. ओदिलोंला पाठवायचा आणि बोलू द्यायचं."

इथवर ठीक होतं. पण मग झिंबोला बूट मिळाले. बुटांमागोमाग खिशावर गोरिलाचं तोंड शिवलेला सदरा आला, गळ्यात शिट्टी आली, आणि एक दिवस तोंडात 'माझा' आला. कळपाच्या नायकाला, त्या पाठीवर रुपेरी केसांच्या धटिंगणाला, सगळे नुसतं 'थोरला' म्हणायचे. झिंबो म्हणू लागला, "माझा थोरला." पाहुण्यांना सांगताना, "मी त्याला ओळखतो, तो मला ओळखतो." आईला सांगताना, "मी आज त्याला पलीकडच्या टेकडीवर शोधून काढला."

"हरवला होता का तो?" मोबूलाने विचारलं. "त्याला माहीत होतं ना तो कुठे आहे ते?"

झिंबो हसला नाही. बूट घातल्यापासून त्याचं हसणं पायापाशीच कुठेतरी अडकत असावं.

मग एका संध्याकाळी तो कसाव्याचा गोळा हातात घेऊन म्हणाला, "आई, ओदिलों वाटाड्यांचा मुख्य नेमणार आहे. माझं नाव घेतोय. सडकेवर खोली देणार. पत्र्याची."

"पत्र्याची," मोबूला म्हणाली.

"तूही चल."

"मी? पत्र्याखाली? पाऊस आला की पत्र्याखाली स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. बिलो एवढे ओरडून का बोलतात वाटतं तुला?"

"मग मी येत जाईन अधूनमधून."

मोबूलाने शेकोटीत लाकूड सरकवलं. सडकेवर गेलेला माणूस अधूनमधून येतो म्हणजे काय, हे तिने डोपोमुळे पाहिलं होतं. आधी भेटायला येतो, मग काही मागायला येतो, मग आपल्याकडे बघून नाक मुरडायला शिकतो, आणि मग येत नाही. तिला पोरगा हवा होता. शिट्टी काढून, बूट काढून, जमलं तर तो 'माझा' काढून. पण असं काही ती बोलली नाही. ती म्हणाली, "खा. गोळा हातात वाळला."

त्या आठवड्यात आलेले पाहुणे मोबूलाच्या हिशेबात फारच हलक्या प्रतीचे होते. एक उंच काटकुळा, त्याचं नाव तिने लगेच बगळा ठेवलं. त्याची बायको पिवळी टोपी घालून फिरायची आणि मुंग्यांचीसुद्धा परवानगी घ्यावी तसं पाऊल टाकायची. तिसरा एक गृहस्थ फोटो काढायचं भलं मोठं नळकांडं गळ्यात घेऊन होता; त्याने आल्यापासून कुठलीच गोष्ट डोळ्यांनी बघितली नव्हती. त्यांना घेऊन झिंबो आणि सिंगा सकाळी निघाले. सिंगा म्हणजे दुसरा वाटाड्या, वयाने मोठा, बोलायला महाग.

मोबूला ते गेले त्याच टेकडीच्या अलीकडे कोकोच्या वेलांची पानं भाजीला खुडायला गेली होती. टोपली अर्धी भरली असेल नसेल, तोच पलीकडून थोरल्याचा आवाज आला. हा आवाज ज्याने ऐकला त्याला समजावून सांगावं लागत नाही आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाठोपाठ झाडं मोडल्याचा कडकडाट. मग धावणारे पाय.

पुढे काय झालं ते मोबूलाने न्गेलेला जेवढं सांगितलं तेवढंच आपणही तूर्त ऐकू.

"पळाला!" ती वस्तीत येऊन खोडावर टेकत म्हणाली. अजून तिला धाप लागलेली होती. "माझा थोरला, माझा थोरला करणारा! एक बूट चिखलात, एक पायात. आणि ओरडत काय होता, माहितीये? 'आई गं! आई गं!' पाच वर्षांचा होता तेव्हा असा ओरडला होता, माशी चावली तेव्हा."

न्गेलेचे खांदे हलू लागले. "आणि तू?"

"मी काय? मी बघत होते. माझ्या अंगावरूनच गेला."

"टोपली कुठाय तुझी?"

"ठेवलीय एका झाडाखाली. जड झाली होती."

"कोकोची पानं जड?"

"तुला दात नाहीत. तुला काय कळणार पानाचं वजन?"

न्गेलेने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि कोय फोडायला घेतली.

दुपारी वरात परत आली तेव्हा वेगळीच गोष्ट घेऊन आली. थोरला चालून आला तेव्हा पाहुणे हलले नव्हते. हलायचं नाही असा नियम आहे म्हणून नव्हे, तर पळायचं कुठे ते कळेना म्हणून. तिघांनीही डोळे गच्च मिटले होते. सिंगाने खाली बसून जिभेने टक-टक केलं, थोरल्याने सगळ्यांकडे एकदा तुच्छतेने बघितलं आणि तो पाला खायला निघून गेला. एवढंच. पण डोळे मिटलेल्यांना एवढं दिसलं नव्हतं. डोळे उघडल्यावर त्यांना दिसलं की झिंबो नाही, आणि थोड्या वेळाने दिसलं की झिंबो एका बुटाने, चिखलाने माखून येतोय.

"मी त्याला माझ्या मागे ओढून नेलं," झिंबो म्हणाला. "तुमच्यापासून लांब."

पिवळ्या टोपीच्या डोळ्यांत पाणी आलं. बगळ्याने आपली रुंद काठाची टोपी काढून झिंबोच्या डोक्यावर ठेवली. नळकांड्याने नळकांडं रोखलं. सिंगाने गुडघा खाजवला. त्याला विचारलं तेव्हा त्याने दुसरा गुडघा खाजवला. एका माणसाने दुसऱ्याचं उणं काढायचं नाही, ते म्हाताऱ्यांचं काम आहे, हे सिंगाला ठाऊक होतं.

ओदिलोंचं पोट आनंदाने पुढे झालं. "उद्या पाहुणे निघायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकतो," तो म्हणाला. "असा मुख्य हवा!"

टोपीखालचा झिंबो आईच्या शेकोटीपाशी आला तेव्हा उन्हं अजून पानांत होती.

"थोरला तुझ्या मागे आला होता म्हणे," मोबूला म्हणाली.

"आला होता."

"कुठल्या वाटेने? कोकोच्या वेलींवरून?"

"हो."

"मग मला कसा नाही दिसला?"

झिंबोची टोपी किंचित खाली आली. "तू तिथे होतीस?"

"मी कुठे असणार? पानं खुडत होते."

"खोटं नको बोलूस. तिथे कोणी नव्हतं. एक डुक्कर तेवढं पळत होतं माझ्या पुढे."

"डुक्कर?"

"चांगलं थोराड. झुडपं मोडत चाललं होतं. त्याच्याच वाटेने मी..."

"कसलं थोराड?" मोबूला एकदम तडकली. "भीतीने सगळंच मोठं दिसतं."

झिंबो खाली बसला. हळू आवाजात म्हणाला, "आई, उद्यापर्यंत गप्प बस. नुसतं उद्यापर्यंत. मग काय करायचं ते कर."

"अरे दिवट्या, पळालास त्याचं मला काय आहे? बूट घातल्यापासून तू केलेली ती पहिली शहाणपणाची गोष्ट. गोरिला बघून उभं राहायला काय ते पाहुणे आहोत आपण? तुझा बाप तर हत्तीचा नुसता वास आला तरी झाडावर असायचा. पण खाली उतरून 'मी हत्तीला पळवलं' असं त्याने सांगितलं नाही कोणाला. तू ती टोपी काढून ठेव आधी. तिच्याखाली तुझा चेहरा सापडत नाही मला."

झिंबोने टोपी काढली नाही. तो उठून गेला. मोबूलाने त्याच्या पाठीकडे बघितलं. ती चाल तिने याआधी एकदा बघितली होती, डोपो भाला घेऊन सडकेकडे निघाला तेव्हा. ती उठून न्गेलेच्या झोपडीकडे गेली.

सकाळी सगळी वस्ती मोकळ्या जागेत जमली. पाहुण्यांचं सामान बांधून झालेलं. ओदिलों छत्री घेऊन उभा. झिंबो त्याच्याशेजारी टोपीत; एका पायात बूट, दुसऱ्या पायात कोणाची तरी मागून आणलेली चप्पल. झोपड्यांच्या मागे न्गेले मोबूलाच्या पायाला केळीच्या सोपटाचे बूट बांधत होती.

"डोपो आठवतो ना गं?" न्गेले म्हणाली.

"आठवतो."

"हा नाही हसला तर?"

"हसेल."

"आणि नाही हसला तर?"

"तर पत्र्याखाली जाईल. मी गप्प बसले तर काय थांबणार आहे? तसाही जाणार, असाही जाणार. घट्ट बांध जरा, बाई. माझ्या पोराचे बूट आहेत, ढिले कसे चालतील?"

ओदिलोंने घसा खाकरला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. दोन बोटं तोंडात घालून मोबूला आली. डोक्यावर टोपीएवढं पान, पायांत सोपटाचे बूट, छाती पुढे, हनुवटी वर. वस्तीत आधी एक दबका हुंकार उठला आणि मग एकदम हास्याचा फवारा. मोबूला नव्हतीच तिथे. झिंबो होता. खरा झिंबो ओदिलोंशेजारी उभा होता, पण तो जरा कमी झिंबो वाटत होता.

नकलेतला झिंबो एका झाडापाशी थांबला, त्याच्यावर थाप मारून म्हणाला, "माझं झाड." मग वाकून, "माझी मुंगी." वर बघून, "माझा ढग. मी त्याला ओळखतो. तो मला ओळखतो." लेकुरवाळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. न्गेले थोरला झाली होती. ती नुसती बसली होती, गाल लोंबते सोडून, पाला चघळत, आणि झिंबोकडे बघत होती ती अशी, की इतकी वर्षं रोज येणाऱ्या या कटकटीचं नक्की म्हणणं काय आहे. मग तिने एक जांभई दिली. नुसती जांभई. आणि बूटवाला झिंबो जो उधळला! एक बूट हवेत, पान एकीकडे, हात दुसरीकडे. न बोलणारा सिंगा दोन्ही गुडघे धरून खाली बसला.

सगळे हसत होते. झिंबो हसला नाही.

मोबूला धावता धावता त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचा जबडा आवळलेला होता. त्याने हात मागे नेऊन पिशवी उचलली. पिशवी आधीच भरलेली होती. मोबूलाने ती बघितली, पिशवीच्या बंदाची गाठ बघितली, आणि तिला कळलं की नक्कल छान झालीय. डोपोची झाली होती तशीच छान. आणि आपण ती करून मोकळ्या झालो आहोत, आता तो निघाला.

नक्कल इथे संपायची होती. न्गेलेने पाला थुंकलासुद्धा होता.

पण मोबूला थांबली नाही. उरलेला सोपटाचा बूट तिने काढून फेकला. परत मैदानाच्या त्या टोकाला गेली. एका बाईच्या पाठीवरची टोपली ओढून घेतली आणि कमरेत वाकली. न्गेले गोंधळून बघत राहिली. हे काही ठरलेलं नव्हतं. आता समोर कोण आहे, हे लोकांना ओळखायलाच वेळ लागला, कारण ही चाल त्यांनी आजवर कोणी केलेली बघितली नव्हती. एक बुटकी म्हातारी, पानं खुडतेय, आणि प्रत्येक पानाकडे तुच्छतेने बघतेय. हे पान म्हणजे काय पान, पूर्वी काय पानं असायची! ओठ एका बाजूला, भुवई वर. मग कुठूनतरी आवाज आला. म्हातारीने कान टवकारले. दोन्ही हातांनी टोपली सरळ आभाळात भिरकावली, नेसूचं वर खोचलं, आणि पळत सुटली. अशी पळाली, की तिचा मागचा भाग दोन दिशांना आणि ती तिसऱ्या दिशेला. मागे एकदा वळून तिने पाहिलं, मागून येणाऱ्या पोराला हाताने 'बाजूला हो' अशी खूण केली, आणि आणखी जोरात पळाली. पोराला थांबवायला नाही, हाक मारायला नाही. पुढेच.

आणि मागून येणाऱ्या त्या पोराच्या आवाजात तीच ओरडली, "आई गं! आई गं!"

क्षणभर कोणीच हसलं नाही. वस्तीत मोबूलाला हसायची कोणाला सवयच नव्हती.

झिंबोने पिशवी हातात धरलेली. त्याचं तोंड उघडं पडलं होतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "म्हणजे ते डुक्कर..."

त्याचं आधी पोट हललं, मग खांदे. टोपी पडली. पिशवी पडली. "थोराड," तो कसाबसा म्हणाला, "झुडपं मोडत..." आणि चिखलातच बसला. लहानपणी झुडपं बडवताना हसायचा तसा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळी वस्ती कोसळली. न्गेलेच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा आवाज निघाला आणि त्या आवाजाला घाबरून तीच दचकली.

"हसतोय मेला," मोबूला धापा टाकत म्हणाली. "आईला डुक्कर म्हणतो आणि हसतोय." पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने उगाचच पायातला काटा शोधायला घेतला.

पाहुण्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. बगळ्याने ओदिलोंला विचारलं की हे काय होतं. "शिकारीआधीचं पवित्र नृत्य," ओदिलोंने पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, आणि दर मुक्कामाच्या शेवटी ते ठेवता येईल का याचा विचार करत छत्री मिटली. मुख्याचं मात्र त्याने त्या दिवशी काही सांगितलं नाही. ज्याला म्हाताऱ्या हसतात त्याच्या शब्दाला वजन काय, असं त्याचं मत पडलं. पुढे ती जागा त्याच्या भाच्याला गेली. भाचा वजनदार आहे, यात शंका नाही. मुंग्या दिसल्या की तो वाटेतच खुर्ची मागतो.

निघताना पिवळी टोपी झिंबोजवळ आली. "त्या म्हाताऱ्या बाईंनी केलं ते कालचंच ना?" तिने विचारलं. "तुम्ही गोरिलाला लांब नेलंत, ते?"

झिंबोने टोपीवरचा चिखल झाडला आणि ती बगळ्याच्या हातात परत दिली. मग त्याने जरा वेळ लावला. पाय खाजवला.

"तिकडे कोणीतरी पळालं होतं वाटतं," तो म्हणाला. "दोघं होती, असं ऐकतो."

खोडावर मोबूलाचा कोय फोडणारा हात मध्येच थांबला. असा आवाज तिने बऱ्याच पावसाळ्यांत ऐकला नव्हता. तिने कोय फोडली, गर काढला आणि नाक मुरडलं.

"बापाचं घोरणंही घेशील आता," ती ओरडून म्हणाली. "जा, माझी टोपली घेऊन ये. वेलींच्या अलीकडे पडली असेल कुठेतरी. आणि तो बूट काढून जा. चिखलात दुसराही घालवशील, आणि मग मला म्हणशील, आई, डुक्कर घेऊन गेलं."